चीनचे जावई

१९४८ च्या मे महिन्यात शांघायमध्ये एक लग्न झालं. नवरा सिडनी शापिरो, ब्रुकलिनच्या ज्यू घरातला, वकिलीचं शिक्षण घेतलेला अमेरिकन. नवरी फेंगझी, चिनी रंगभूमीवरची नावाजलेली अभिनेत्री आणि डाव्या विचारांच्या एका मासिकाची संपादक. वयानं नवऱ्याहून तीनेक वर्षांनी मोठी. १९९६ मध्ये फेंगझी वारल्या, तोवर म्हणजे ४८ वर्षं हा संसार चालला. त्यानंतरही शापिरो अमेरिकेला परत गेले नाहीत. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, चिनी नागरिक म्हणूनच त्यांनी बीजिंगमध्ये देह ठेवला.

ते लग्न लागलं त्या महिन्यात कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाला चिनी बाईशी कायद्यानं लग्न करता येत नव्हतं. तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा मोडीत काढला त्याच वर्षी ऑक्टोबरात. बाकीच्या राज्यांमधल्या अशा बंद्या उठायला १९६७ साल उजाडलं. शापिरोंच्या न्यूयॉर्कमध्ये असा कायदा नव्हता, हे खरं. पण चिनी मजुरांना देशात पाऊल ठेवायला १८८२ पासून केलेली मनाई अमेरिकेनं मागे घेतली ती १९४३ मध्ये, आणि तीही वर्षाला १०५ चिनी माणसांना येऊ देण्यापुरती. ज्या देशानं साठ वर्षं या लोकांना दारातच उभं केलं, त्या देशाचा एक तरुण त्यांच्या घरात जाऊन राहिला, त्यांची मुलगी केली, त्यांच्यासोबत म्हातारा झाला. मी गेली काही वर्षं या माणसाबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि अजून मन भरलेलं नाही.

मी मूळची सोलापूरची. सोलापूरच्या माणसासमोर चीनचं नाव निघालं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतातच. शाळेत त्यांच्यावर भाषणं व्हायची, आम्ही ती पाठ करून म्हणायचो. त्यांच्याविषयी मोठेपणी वाचायला लागले तेव्हा येनानमधली, म्हणजे चिनी कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या मुख्य तळावरची, इतर परदेशी माणसं एकेक करून समोर येत गेली. १९३९ मध्ये भारतीय डॉक्टरांचं पथक तिथं पोचलं तेव्हा एक अमेरिकन डॉक्टर आधीच तळ ठोकून होता. जॉर्ज हातेम त्याचं नाव, बफेलो शहरात जन्मलेला, मूळ लेबनॉनच्या कुटुंबातला. चिनी लोक त्याला मा हायद म्हणत. त्यानं १९४० मध्ये चौ सूफेई या तरुणीशी लग्न केलं, तो चीनचा नागरिक झाला, आणि पुढची कैक वर्षं त्यानं तिथं कुष्ठरोगाशी झुंज दिली. त्याच्यामागोमाग सिडनी रिटनबर्ग भेटले आणि मग शापिरो. सगळे अमेरिकन, सगळे चीनचे जावई.

आणखीही एक कारण आहे. माझं लग्न धारवाडच्या कानडी घरात झालं. सोलापूर आणि धारवाडमध्ये काही समुद्र नाही. ज्वारीची भाकरी दोन्हीकडे, पाडव्याला कडुलिंब आणि गूळ दोन्हीकडे, वेळ अमावस्येला शेतात जाऊन चारी दिशांना घास टाकणंही दोन्हीकडे. तरीही लग्नाआधी मला कानडी माणसं माहीत होती आणि लग्नानंतर ती माझी झाली, या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं ते मी अनुभवलेलं आहे. सासूबाई आजारी पडल्या की कोणाला कळवायचं आणि कोणाला मुद्दाम कळवायचं नाही, हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. म्हणून परक्या संस्कृतीबद्दल कोणी लिहिलेलं वाचताना मी आधी एवढंच बघते, की हा माणूस तिथं पाहुणा होता की घरचा.

शापिरोंचं आणि चिनी भाषेचं नातं जुळवलं अमेरिकन लष्करानं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यानं काही तरुण निवडून त्यांना आशियाई भाषा शिकवायला विद्यापीठांत धाडलं होतं. शापिरोंच्या वाट्याला चिनी आली. युद्ध संपलं, पण गोडी उरली, म्हणून सैनिकांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर ते पुढेही चिनीच शिकत राहिले, आधी कोलंबियात आणि मग येलमध्ये. तिथल्या चिनी विद्यार्थ्यांशी ओळखी झाल्या. १९४७ च्या वसंतात ते बोटीनं शांघायला उतरले. कोणत्याही क्रांतीसाठी ते आलेले नव्हते. न्यूयॉर्कमधली वकिली रुक्ष वाटत होती, शिकलेली भाषा जिथं बोलली जाते तो देश बघायचा होता, इतकंच. ओळखीतून फेंगझींची गाठ पडली. तिनं त्याला चिनी शिकवायचं, त्यानं तिला इंग्रजी, असं ठरलं.

या बाईंविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण शापिरोंवरच्या लेखांत त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो. फेंगझी शांघायच्या फूदान विद्यापीठात चिनी साहित्य शिकल्या. त्साओ यू हे आधुनिक चिनी नाटकातलं फार मोठं नाव. त्यांच्या दोन गाजलेल्या नाटकांत फेंगझींनी तरुणपणी भूमिका केल्या. एकात मोलकरणीच्या पोरीची, आणि दुसऱ्यात एका हॉटेलात राहणाऱ्या, श्रीमंतांच्या मर्जीवर जगणाऱ्या शिकलेल्या बाईची. नंतर जपानशी युद्ध पेटलं. साऱ्या देशातले नट, लेखक, प्राध्यापक पाठीवर बिऱ्हाड घेऊन नैर्ऋत्येकडे सरकत गेले, त्यात त्याही होत्या. कुनमिंग, चोंगचिंग, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा शांघाय. अमेरिकन तरुण भेटला तेव्हा या बाईंनी एक आयुष्य जगून झालेलं होतं. नाटककार, कवी, संपादक, भूमिगत कार्यकर्ते, सगळ्यांची त्यांच्याकडे ये-जा असायची. सैन्याच्या वर्गात बातम्यांपुरती चिनी शिकलेल्या शापिरोंना हे लोक कशावर हसतात, कोणत्या ओळीवर गप्प होतात, कुठल्या जुन्या नाटकातलं वाक्य बोलता बोलता मध्येच पेरतात, हे त्या घरात बसूनच उमगलं असणार. पुढे हा माणूस चिनी साहित्याचा एवढा मोठा अनुवादक झाला, त्याची मुळं मला विद्यापीठापेक्षा त्या बैठकीत दिसतात.

लग्नानंतर काही महिन्यांतच दोघांनी शांघाय सोडलं. कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या भागात जायचा बेत होता, तो जमला नाही, आणि बीजिंगमध्ये मुक्काम पडला. १९४९ च्या जानेवारीअखेर शहर लढाईविना कम्युनिस्ट सैन्याच्या हाती आलं. १ ऑक्टोबरला तिआनमेनवर नव्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हा हे नवरा-बायको निमंत्रितांमध्ये उभे होते. पुढच्या वर्षी मुलगी झाली. तिचं नाव यामेई ठेवलं, त्यात आशिया आणि अमेरिका दोन्ही आहेत. शापिरो परकीय भाषा प्रकाशनगृहात अनुवादाच्या कामाला लागले आणि पुढे १९८३ मध्ये निवृत्त होईपर्यंत अनुवाद आणि संपादन हीच त्यांची नोकरी राहिली. चिनी नाव शा बोली.

हे सगळं चार ओळींत सांगून होतं. पण मला कुतूहल आहे ते यांच्यामधल्या वर्षांचं, म्हणजे संसाराचं. पन्नाशीच्या दशकातलं बीजिंग म्हणजे हुतोंगांचं शहर. अरुंद बोळ, करड्या विटांच्या भिंती, आत चौक आणि चौकाच्या चारी बाजूंना खोल्या. आपल्या वाड्याशी याचं नातं लगेच जुळतं. एके काळी एका कुटुंबाचे असलेले असे चौक हळूहळू अनेक कुटुंबांत वाटले गेले. नळ एकच, अंगण एकच, आणि कोणाच्या घरी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक. हिवाळ्याआधी कोबीचे ढीग येत. लांबट, पांढऱ्या चिनी कोबीचे गड्डे घराघरांत भिंतीशी रचून ठेवायचे, तोच सगळ्या थंडीचा भाजीपाला. कोळशाची शेगडी, तिचा धूर बाहेर काढणारी पत्र्याची नळी, गरम पाण्याचे थर्मास. १९५५ पासून धान्याला कुपनं लागली, कापडाला त्याच्याही आधी. गल्लीची समिती असे, तिच्यातल्या वयस्क बायका झाडलोटीपासून नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत सगळ्यात लक्ष घालत. बाहेरच्या जगाला नवा चीन म्हणजे लाल झेंडे आणि मोर्चे दिसत होते. आत राहणाऱ्याला रांग, कोबी आणि शेजार दिसायचा.

न्यूयॉर्कच्या माणसाला सगळ्यात अवघड काय गेलं असेल, याचा मी बरेचदा विचार करते. मला वाटतं, नात्यांचा पसारा. बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, आईचा भाऊ आणखी वेगळा, आणि प्रत्येकाशी वागायची रीत निराळी. मराठी माणसाला यात नवल नाही. काका आणि मामा यांच्यातला फरक आपल्याला पाळण्यात कळतो. पण अमेरिकन माणूस एकाच नावानं सगळ्यांना हाक मारत मोठा झालेला असतो. बायकोचे नातेवाईक आले की बसायचं कुठं, आधी कोणाला वाढायचं, आपलं मत विचारलं जाईपर्यंत का थांबायचं, हे त्याला नव्यानं अंगी बाणवावं लागतं. जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्याच्या वाटीत आपल्या काड्यांनी चांगला तुकडा उचलून ठेवायचा, ही चिनी घरातली माया दाखवण्याची रीत. तोंडानं प्रेमाबिमाची भाषा फार नाही. आमच्या धारवाडच्या घरात सासरे एक अक्षर न बोलता लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवायचे, तेव्हा त्यांचा राग गेला हे मला कळायचं. म्हणूनच चिनी जेवणाच्या टेबलावरची ही वर्णनं वाचली की मला ती माणसं परकी वाटेनाशी होतात.

आणि त्याच वेळी त्या देशाची कुटुंबरीतही बदलत होती. १ मे १९५० ला नव्या सरकारनं विवाहाचा कायदा आणला. आईबापांनी परस्पर ठरवलेली लग्नं, बालपणीचे वाङ्निश्चय, रखेली ठेवणं यांवर बंदी आली, विधवेच्या लग्नाला आड येणं गुन्हा ठरलं, आणि बाईला घटस्फोट मागता येऊ लागला. महर्षी कर्व्यांच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काही समजावून सांगायला नको. फेंगझींसारख्या, स्वतःचा नवरा स्वतः निवडलेल्या बाईला हा कायदा आपला वाटला असेल. शापिरो तिथं टिकले त्यामागे राजकीय विश्वास होताच, पण आपल्या घरात जे आहे तेच आता सगळ्यांच्या घरात येऊ पाहतंय, ही भावनाही असावी असं मला वाटतं.

१९६३ मध्ये त्यांनी चिनी नागरिकत्व घेतलं. त्याला पंतप्रधान चौ एन-लाय यांची मंजुरी मिळाली. थोडं थांबून हे साल बघा. तेव्हा अमेरिका आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते, चीन आणि रशिया यांच्यातही बिनसलेलं होतं, आणि आपलं त्यांच्याशी युद्ध होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मोठ्या उपासमारीतून देश नुकता बाहेर येत होता. अशा वेळी अमेरिकन पासपोर्टवर पाणी सोडणं म्हणजे परतीची वाट स्वतः बुजवणं. मजा अशी की चिनी चित्रपटांत मात्र शापिरो दुष्ट अमेरिकनाच्या भूमिका करायचे. दुसरा गोरा चेहरा आणणार कुठून!

आता दुसरे सिडनी. रिटनबर्ग दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचे, जन्म १९२१ चा. तरुणपणी कामगार चळवळीत काम केलेले. त्यांनाही चिनी शिकवली ती अमेरिकन लष्करानंच, स्टॅनफर्डमध्ये. १९४५ मध्ये त्यांची नेमणूक कुनमिंगला झाली. अमेरिकन सैन्यामुळे स्थानिक लोकांचं नुकसान झालं तर भरपाईचे अर्ज तपासायचे, हे त्यांचं काम. दारू प्यायलेल्या एका अमेरिकन सैनिकानं ट्रकखाली एका रिक्षावाल्याची लहान मुलगी चिरडली होती. तिच्या जिवाची किंमत सैन्यानं ठरवली २६ डॉलर. आणि तो बाप ती रक्कम हाती पडल्यावर तिच्यातला काही भाग घेऊन रिटनबर्गकडे आला. तुम्ही माझं काम केलंत, हा तुमचा वाटा. रिटनबर्ग ही घटना आयुष्यभर सांगत राहिले. ती मी वाचली त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. मुलगी गेलेला बापसुद्धा रीत सोडत नाही, आणि त्या रीतीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा साहेबाचा धाक आहे. सौजन्य आणि लाचारी इतकी एकमेकांत मिसळलेली, की बाहेरून आलेल्या माणसाला ती वेगळी करता येऊ नयेत. रिटनबर्ग मायदेशी परतले नाहीत. १९४६ मध्ये ते येनानला पोचले आणि कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

१९४९ मध्ये, जिच्यासाठी घरदार सोडलं ती क्रांती जिंकायच्या ऐन बेतात असताना, त्यांना हेर म्हणून अटक झाली. मॉस्कोहून तसा ठपका आला होता. सहा वर्षं एकान्तकोठडी, त्यातला पहिला काळ काळोखात. येनानमधलं पहिलं लग्न या कैदेत मोडलं. १९५५ मध्ये, चूक झाली असं सांगून त्यांना सोडण्यात आलं. पुढच्या वर्षी त्यांनी वांग युलिन यांच्याशी लग्न केलं, मुलं झाली. मग सांस्कृतिक क्रांती आली, म्हणजे जुनं सगळं मोडून काढायला माओंनी छेडलेली मोहीम. रिटनबर्ग आधी तिच्यात हिरिरीनं उतरले, भाषणं ठोकली, आपण काम करत होतो त्या रेडिओ केंद्रातल्या गटबाजीत पुढारपण केलं. १९६८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि सुटका झाली १९७७ च्या नोव्हेंबरात. दोन्ही कैदा मिळून सोळा वर्षं.

त्या दुसऱ्या नऊ-दहा वर्षांत वांग युलिन यांच्यावर काय गुजरलं असेल! नवरा अमेरिकन हेर असल्याचं कबूल कर, त्याच्याशी संबंध तोडल्याचं जाहीर कर, असा ससेमिरा त्यांच्यामागे लागला. तेव्हा हे कित्येकांनी केलं. मुलांनी बापाला जाहीरपणे नाकारलं, बायकांनी नवऱ्यांना सोडलं, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. मुलांच्या शाळा, रेशन, घर, सगळं त्या एका सहीवर लटकलेलं असायचं. वांग युलिन यांनी ती सही केली नाही. त्यांना श्रमछावणीत पाठवण्यात आलं, तरीही नाही. नवरा जिवंत आहे की नाही याची खबर नसताना त्या आपल्या जागेवरून हलल्या नाहीत.

रिटनबर्ग माओंचा गट, सिद्धान्त, पक्षाची धोरणं यांत बुडालेले होते, दोनदा फसले, आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणानं मान्यही केलं. चिनी संस्कृतीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट जे काही आहे, ते त्यांच्या घरातच होतं. कुटुंबातल्या माणसाला संकटात टाकून द्यायचं नाही, ही ती गोष्ट. ती क्रांतीनं शिकवलेली नव्हती. क्रांती तर ती मोडायला निघाली होती. १९८० मध्ये हे दांपत्य अमेरिकेला गेलं आणि तिथंच राहिलं. चीनशी व्यापार करू पाहणाऱ्या अमेरिकन कंपन्यांना ते दोघं मिळून सल्ला देत. रिटनबर्ग २०१९ मध्ये वारले. म्हणजे एक सिडनी बायकोच्या देशात राहिला आणि दुसऱ्यानं बायकोला आपल्या देशात नेलं. मध्यमवयात देश बदललेल्या वांग युलिन यांना त्या परक्या मुलखात काय वाटलं असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शापिरोंना कैद झाली नाही. पण सांस्कृतिक क्रांतीनं त्यांचं घरही फोडलंच. फेंगझींना खेड्यात, अधिकाऱ्यांना शेतमजुरीला जुंपणाऱ्या छावणीत पाठवण्यात आलं. वर्षानुवर्षं नवरा-बायको लांब. १९३० च्या दशकातल्या शांघायच्या रंगभूमीशी ज्यांचा संबंध आला होता अशा सगळ्यांवरच तेव्हा संशयाची नजर होती. माओंची पत्नी चियांग चिंग ही स्वतः त्याच जगातून वर आली होती आणि तिचे जुने दिवस आठवणारी माणसं तिला नको होती.

या वर्षांत शापिरो बीजिंगच्या घरी बसून एक प्रचंड काम करत होते. लिआंगशानच्या दलदलीत जमलेल्या १०८ बंडखोरांची जुनी महाकादंबरी ते इंग्रजीत आणत होते. चिनी घरांत ही गोष्ट आपल्याकडच्या महाभारतासारखी मुरलेली आहे. कोणाचा कुठला पराक्रम, कोणाचं हत्यार कुठलं, हे अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक. त्याआधी पर्ल बक यांनी १९३३ मध्ये तिच्या सत्तर अध्यायांचा अनुवाद केला होता. त्याही चीनमध्येच वाढलेल्या अमेरिकन, मिशनऱ्याच्या घरातल्या. शापिरोंनी शंभर अध्याय घेतले. अनुवाद चालू असतानाच १९७५ मध्ये माओंनी त्या कादंबरीवर शेरा मारला, की तिचा नायक सोंग चियांग हा सम्राटापुढे लोटांगण घालणारा आहे. झालं, देशभर त्या नायकाविरुद्ध मोहीम. पाचसहाशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीतलं पात्र वर्तमानपत्रातला आरोपी ठरलं, आणि इकडे एक ज्यू अमेरिकन त्या पात्राची वाक्यं इंग्रजीत लावत बसलेला. अनुवाद छापून आला तो १९८० मध्ये, माओ गेल्यावर, चियांग चिंग तुरुंगात गेल्यावर.

त्या अनुवादातली काही प्रकरणं मी इंग्रजीतून वाचली आहेत. मला चिनी येत नाही, त्यामुळे मुळाशी ताडून बघता येत नाही. पण त्यात खाणावळींचे प्रसंग फार आहेत. गोमांसाचे तुकडे, दारूचे वाडगे, जेवणाचे पैसे कोण देणार यावरून होणारी प्रेमळ ओढाताण. ती ओढाताण इतकी सहज उतरली आहे, की हा माणूस स्वतः अशा शेकडो जेवणांत पैसे द्यायला धडपडलेला असावा अशी माझी खात्री आहे.

शापिरोंबद्दल एक गोष्ट मला सलते, आणि ती न सांगता पुढे जाणं बरं नाही. आपल्या दत्तक देशाबद्दल ते फार वेळा त्या देशाच्या सरकारी आवाजात बोलले. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांतल्या मोहिमांमध्ये किती घरं उद्‌ध्वस्त झाली हे त्यांनी जवळून पाहिलं असणार. रिटनबर्गनी आपला अंधविश्वास पुढे उघडून दाखवला, त्या मानानं शापिरोंचा हात आखडता वाटतो. मी यावर बराच विचार केला आहे. घरात आलेल्या माणसाला घराची उणीदुणी चारचौघांत काढणं जड जातं, हे मी जाणते. धारवाडबद्दल सोलापुरात कोणी वाकडं बोललं तर मी आधी धारवाडची बाजू घेते. तरीही जिथं हजारो-लाखो माणसांचा प्रश्न आहे, तिथं ही निष्ठा पुरेशी नाही असं माझं मत आहे. त्यांच्यावरचं माझं प्रेम यानं कमी होत नाही, आणि प्रेम आहे म्हणून हे मत मी मागेही घेत नाही.

त्यांच्या उतारवयातलं एक काम मात्र मला फार जवळचं वाटतं. काइफेंग या जुन्या राजधानीत सुंग राजवटीपासून ज्यू लोक राहत होते. ११६३ मध्ये त्यांनी तिथं आपलं प्रार्थनास्थळ बांधलं. पीत नदीच्या पुरांनी ते वाहून जायचं, ते पुन्हा उभारायचे. हळूहळू चिनी आडनावं आली, चिनी बायका आल्या, हिब्रू विसरली गेली, आणि अखेर डुकराचं मांस न खाण्यासारख्या एखाद्या खुणेवरच ओळख उरली. या लोकांविषयी चिनी विद्वानांनी लिहिलेले लेख शापिरोंनी शोधून, इंग्रजीत आणून, १९८४ मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध केले. ब्रुकलिनचा ज्यू, चिनी सासुरवाडीत तीन-चार दशकं काढल्यावर, आपल्या आधी आठशे वर्षांपूर्वी त्याच वाटेनं गेलेल्यांना शोधत होता. कोकणातले बेने इस्राएल आपल्याला माहीत आहेत. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं अशी त्यांची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले, पेणकर, केहिमकर अशी गावावरून आडनावं घेतलेले, मराठीत कीर्तनं करणारे. ते मराठी झाले, पण शनिवार त्यांनी सोडला नाही. काइफेंगच्या लोकांना तो टिकवता आला नाही. असं का घडलं, या प्रश्नापाशी मी अडकून राहते. आणि वाटतं, शापिरोंनाही या प्रश्नानंच तिथवर नेलं असेल.

पुन्हा कोटणीसांकडे येते. १९४१ मध्ये त्यांनी क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. त्या रुग्णसेवा शिकवायच्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इनह्वा, भारत आणि चीन. ९ डिसेंबरला कोटणीस गेले, वय अवघं ३२. संसार पुरता वर्षभराचा. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, चिनी पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी केली, आणि आपल्या मनात ही गोष्ट त्यागाची म्हणून पक्की बसली. त्यानंतरची ७० वर्षं क्वो चिंगलान जगत होत्या, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्यांचा मुलगा १९६७ मध्ये, वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच वारला. त्या दालियनला राहत. अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटत राहिल्या, आणि २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. नवरा जाऊन इतकी वर्षं लोटल्यावरही सासरशी संबंध राखणारी ही सून आपल्या शाळेतल्या भाषणांमध्ये कुठंच नव्हती. त्यांच्या आठवणींचं पुस्तक इंग्रजीतही आलेलं आहे. मराठीत ते घरोघरी असायला हवं होतं.

शापिरो, रिटनबर्ग, हातेम, सगळ्यांच्या कथा आपल्यापर्यंत नवऱ्यांच्या बाजूनं पोचल्या. चिनी संस्कृतीचा अनुभव त्यांनी घेतला, पण तो त्यांना देणाऱ्या बायका होत्या, आणि परदेशी नवरा केल्याची किंमतही त्याच मोजत होत्या. फेंगझी लेखिका होत्या. नाटकांवर आणि नाटकवाल्यांवर त्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, नाट्यलेखनाच्या एका मासिकाचं संपादनही केलं आहे. ते सगळं चिनीत आहे. आता पुण्या-मुंबईत चिनी शिकणारी मुलं-मुली आहेत, त्यातली बहुतेक व्यापारी कागदपत्रांच्या अनुवादाकडे वळतात, आणि पोटापाण्यासाठी ते करावंच लागतं. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीनं फेंगझींचे लेख थेट चिनीतून मराठीत आणावेत अशी माझी फार इच्छा आहे. लिआंगशानच्या बंडखोरांची वाक्यं इंग्रजीत लावताना नवरा अडला की तो त्यांना विचारायचा का, छावणीतून परत आल्यावर त्यांनी त्याला किती सांगितलं आणि किती सांगायचं टाळलं, आणि १९६३ मध्ये नवऱ्यानं अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं तेव्हा त्यांना आनंद झाला की भीती वाटली, हे मला त्यांच्याच शब्दांत वाचायचं आहे.